मुंज झालेला पिंपळ

नर्मदाबाईंना एकच मुलगा, आणि तो त्यांच्या सासऱ्यांपेक्षाही वयानं मोठा. घरामागच्या बोळातला पिंपळ.

लग्नाला बारा वर्षं होऊन गेली आणि कूस उजवली नाही, तेव्हा भटजींनी सांगितलं की पिंपळाची मुंज लावा. झाड पोटच्या लेकरासारखं होतं, मग त्याच्या पाठीवर भावंडं येतात. खरी रीत अशी की झाड आपल्या हातानं लावायचं, आठ वर्षं पाणी घालायचं आणि मग मुंज करायची. पण नर्मदाबाईंच्या नवऱ्याला, दिनकररावांना, घाई होती. वय पस्तिशीच्या पुढं गेलेलं, आई नातवाची वाट बघत अंथरुणाला खिळलेली. बोळात आयतं झाड उभं होतं. कुणी लावलं, कधी लावलं, परभणीत कुणाला ठाऊक नव्हतं. भटजी म्हणाले, "मुंज झाली नाही म्हणजे बटूच की तो. वय कोण बघायलंय?"

तानुबाई सुईण शेजारच्याच बोळात राहायची. ती मुंजीच्या दिवशी तोंडावर म्हणाली, "बाई, तुमचा बटू लय थोराड हाय. ह्याला नवरी कुठून आणावी म्हनते मी!" सगळ्या बायका हसल्या. नर्मदाबाईही हसल्या.

खोडाभोवती जानवं पुरेना, तेव्हा चार जानवी जोडून गाठ मारली. मातृभोजनाला आई आणि बटू एका ताटात जेवतात. नर्मदाबाईंनी अर्धा घास खाल्ला आणि ताट खोडाशी सरकवलं. थोड्या वेळानं मुंग्या लागल्या. सगळे पंगतीला बसले होते आणि नर्मदाबाई एकट्याच तिथं बसून पदरानं मुंग्या झाडत होत्या. लेकराच्या ताटात मुंग्या कशा येऊ द्यायच्या?

मुंजीनंतर दिनकररावांनी झाडाला दगडी पार बांधला. घराच्या बाजूला मोठी मुळं आडवी येत होती. गवंड्यानं विचारलं, पार जरा तिरका घेऊ का. दिनकरराव म्हणाले, "तिरका पार कुठं असतो का? चौरस कर." मुळं तोडली, पार चौरस झाला, वर चुन्याचा गिलावा झाला. ज्याची पूजा करायची त्याचेच पाय आपण तोडायलोत, हे त्या दिवशी कुणाच्याच मनात आलं नाही. नर्मदाबाईंच्याही नाही. त्यांनी तर गवंड्याला गूळपाणी दिलं.

भावंडं काही आली नाहीत. दोन वर्षांनी दिनकररावांनी दुसरं लग्न केलं. मुलगी ताडकळसची, अनसूया नावाची, सोळा वर्षांची. आई लहानपणीच वारलेली, घरी सावत्र आई. उंबऱ्यावर नर्मदाबाईंनीच तिला ओवाळलं. बोळातल्या बायका भांडणाची वाट बघत होत्या, पण भांडण काही होईना. पोरीला धड वेणी घालता येत नव्हती, भाकरी थापली की कडेला चिरायची. पहिल्या थंडीत तिला ताप भरला तेव्हा ती झोपेत आईला हाक मारत होती, आणि नर्मदाबाई "ओ" देत होत्या. त्या दिवसापासून अनसूया त्यांना आक्का म्हणायची ती अगदी सख्ख्या बहिणीसारखी. सवत हा शब्द त्या घरात फक्त बाहेरची माणसंच बोलायची.

लग्नानंतर सहाव्या वर्षी अनसूयेला दिवस गेले, आणि सगळ्या गल्लीनं श्रेय पिंपळाला दिलं. खोडाला नवं सूत गुंडाळलं गेलं, शनिवारी दिव्यांना जागा पुरेना. दिनकररावांनी न्हाव्याला परत पाठवलं. शास्त्रच तसं, ते म्हणायचे. गर्भिणीच्या नवऱ्यानं केस काढू नयेत, प्रेताला खांदा देऊ नये, लांबचा प्रवास करू नये, झाड तोडू नये. तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज, म्हणजे दरख्वास्ती, कचेरीच्या उर्दूत लिहून द्यायचे. अर्जनवीस म्हणून त्यांचं नाव होतं. आता त्यांची दाढी दर आठवड्याला वाढत होती आणि पक्षकार ओळखून हसत होते.

फाल्गुनात एका दुपारी वारं सुटलं आणि पिंपळाची मांडीएवढी फांदी मागच्या खोलीवर पडली. पत्रा फाटला, कोपऱ्यातली उतरंड खालपर्यंत फुटली. अनसूया घटकाभर आधी तिथंच भिंतीला टेकून वाती वळत होती. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली, एवढंच.

ती मागची खोली बाळंतपणाची. घरात दुसरी जागा नव्हती. पुढच्या सोप्यात पक्षकार बसायचे, माजघरात देव होते, स्वयंपाकघर सोवळ्याचं. आणि माहेरी पाठवावं तर सावत्र आई पहिल्या दिवसापासून कुरकुरत बसणार. नर्मदाबाईंनी बाहेर जाऊन वर बघितलं. झाड घराकडं कललं होतं. पाराच्या घराकडच्या बाजूला गिलाव्यात बोट जाईल एवढी भेग पडली होती, आणि विरुद्ध बाजूला पार उचलल्यासारखा दिसत होता. हे दिसायला काही विद्या लागत नव्हती. बोळातून जाणारं पोरही वर बघून पाऊल उचलायचं. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं.

अनसूया त्या दिवसापासून मागच्या खोलीत जायची नाही. गेलीच तर आढ्याकडं बघत राहायची. एकदा तिनं नर्मदाबाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"आक्का, ते झाड माझ्यावर पडतंय बघा. मी तिथं निजले, अन् उठता येत नसलं, अन् ते पडलं तर?"

"असं बोलू नाही ह्या दिवसांत."

"मग काढून टाकायला लावा ना. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील."

"ते" म्हणजे नवरा. नर्मदाबाईंनी रात्रीचं जेवण वाढताना विषय काढला.

"अहो, बलदियात एक दरख्वास्त द्यायला पाहिजे. बोळ त्यांचा, झाड त्यांच्या हद्दीत. त्यांची इजाजत मिळाली की झाड काढता येईल."

दिनकररावांचा घास हातातच राहिला. "कोणतं झाड?"

"आपल्याकडं कोणतं आहे दुसरं?"

"तुला कळायलंय का तू काय बोलायलीस? ज्यानं दिलं त्यालाच? अन् आत्ता? ह्या महिन्यांत?"

"तुम्ही गावाच्या दरख्वास्ती लिहिता. एक आपली लिहा."

"गर्भिणीच्या नवऱ्यानं झाडाला हात लावू नाही. कागदावर लिहिणं म्हणजे हात लावणंच. बाळंतपण होऊ दे, मग बघू."

"बाळंतपणाच्या आधी पडलं तर?"

पाण्याचा तांब्या उचलताना दिनकररावांनी मागच्या दाराकडं एकदा बघितलं, आणि नर्मदाबाईंना कळलं की हा माणूसही भ्यालेला आहे. झाडाला भ्यालाय, आणि झाड तोडायलाही भ्यालाय.

दुसऱ्या अर्जनवीसानं कानांवर हात ठेवले. "वहिनी, दिनकररावांच्या घरची दरख्वास्त मी लिहू? उद्या लिंबाखाली बसू द्यायचे नाहीत मला." म्हणून नर्मदाबाई स्वतःच बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत गेल्या, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढून, तानुबाईला सोबत घेऊन. बामनाची बाई कचेरीच्या पायऱ्या चढायलीय म्हणून रस्त्यावरचे टांगेवाले थांबून बघत होते.

"बघू द्या," तानुबाई म्हणाली. "झाड तोडलं तर चार लोकं बोलतील. न्हाई तोडलं अन् पडलं, तर बोलाया घरात मानूस ऱ्हायचं न्हाई. तुमी चला."

बलदियाचे दारोगासाहेब वयस्क होते, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी बसायला बाक दिला, ऐकून घेतलं आणि कारकुनाला सांगून दरख्वास्त तिथंच लिहून घेतली. दोन दिवसांनी स्वतः बोळात आले. झाडाभोवती फिरले, भेगेत छडी घालून बघितली, वर बघितलं, मग मागच्या खोलीच्या फाटक्या पत्र्याकडं बघितलं.

"बाई, ये झाड तो गिरेगा," ते म्हणाले. "आज गिरेगा की दस साल में, वो मैं नै बोल सकता. मगर गिरेगा, और इधरिच गिरेगा."

मग त्यांची नजर खोडावरच्या जानव्याकडं गेली. ते जरा मागं सरले. धर्माच्या गोष्टीत बलदिया परस्पर हात घालत नाही, ते म्हणाले. ह्याची मुंज ज्यांनी लावली त्यांचं लेखी राजीपत्र पाहिजे. "माँ-बाप में से कोई बी एक."

बोळात आता सगळे गोळा झाले होते. कुणी तरी पुटपुटलं, बाप तर राजी नाही. नर्मदाबाईंनी पदर नीट केला.

"आई मी आहे," त्या म्हणाल्या. "कुठं सही करायची ती सांगा."

इजाजतीचा कागद आला तो दिनकरराव घरी असताना. त्यांनी मोहर बघितली, मजकूर वाचला. असे कागद ते रोज वाचायचे. घडी घालून त्यांनी तो देवघराच्या फळीवर ठेवला. नर्मदाबाई दाराच्या आड उभ्या होत्या. ओरडतील, कागद फाडतील, नाही म्हणतील, असं त्यांना वाटलं होतं. नाही म्हणाले असते तर त्या थांबल्याही असत्या.

"कधी येणार आहेत ते लोक?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

"गुरुवारी मला कचेरीत लवकर जायचंय," दिनकरराव म्हणाले. "मी काही बघितलं नाही. तू केलंस तर तू केलंस."

गुरुवारी ते उजाडताच छत्री घेऊन बाहेर पडले. मागच्या दारानं नाही, पुढच्या.

लाकूडतोड्या सटवाजी बाहेरगावचा होता. गावातल्या कुणी हे काम घेतलं नव्हतं. त्यानं पाराला हात लावून तो कपाळाला लावला, कुऱ्हाड खाली ठेवली आणि तसाच उभा राहिला.

"आता काय?" तानुबाईनं विचारलं.

"पैला घाव घरच्याचा. ज्याचा पैला घाव, त्याचं पाप. मी त्याबिगर हात लावनार न्हाई. माझीबी लेकरं हायेत."

"आरं, त्या बाईमानसाला कशाला लावतूस?"

"मंग मालकाला बोलवा."

मालक लिंबाखाली दुसऱ्यांच्या दरख्वास्ती लिहीत होते. शेजारच्या माळवदांवर बायका उभ्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. मागच्या दारात अनसूया, एक हात पोटावर, पदराचा बोळा तोंडात. नर्मदाबाईंनी तिच्याकडं बघितलं. अनसूयेनं मान हलवली. हो, अशी.

आधी जानवं काढायला हवं. जानव्यावर कुऱ्हाड कशी चालवायची? पण वर्षानुवर्षांची गाठ तेलानं आणि धुळीनं दगडासारखी झाली होती, सुटेना. त्यांनी घरातून अडकित्ता आणला आणि सूत कापलं. मग कुऱ्हाड उचलली. वाटली होती त्यापेक्षा ती जड निघाली. पहिल्या घावाला साल नुसती खरचटली.

"ह्याला घाव म्हनत न्हाईत, आई. जोरात."

दुसरा घाव घसरला. तिसरा बसला. पांढरा चीक आला आणि सालीवरून हळूहळू खाली उतरू लागला. नर्मदाबाईंनी पदराचं टोक पुढं केलं, पुसायला, मग आपण काय करायलोत ते लक्षात येऊन हात मागं घेतला आणि कुऱ्हाड सटवाजीला दिली.

झाड उतरवायला दोन दिवस लागले. वरून फांद्या दोरानं बांधून खाली सोडल्या, खोलीच्या पत्र्याला धक्का लागला नाही. बुंधा आडवा झाला तेव्हा घराच्या बाजूनं आत घागर बसेल एवढी ढोली निघाली, ओल्या भुशानं भरलेली. दुसऱ्या बाजूचं लाकूड मात्र असं की कुऱ्हाडीची धार मोडली.

"सटवाजी," नर्मदाबाईंनी विचारलं, "पडलं असतं का रे हे?"

सटवाजीनं दोन्ही बाजूंवरून हात फिरवला. "ह्या अंगानं सडलं हुतं. त्या अंगानं लोखंड हाय. पडलं असतं की. कवा, ते मी कसं सांगावं?"

बलदियाच्या गाड्यांनी लाकूड नेलं. बोळात कुणी ते जाळायला घेतलं नसतं. मागच्या खोलीत पहिल्यांदाच ऊन आलं. पत्र्याला ठिगळ मारून झालं, जमीन सारवून झाली, आणि त्या दुपारी अनसूया तिथं निजली ती दिवेलागणीपर्यंत. इतके दिवस तिचा डोळा लागला नव्हता. झोपेत तिनं नर्मदाबाईंचं मनगट धरून ठेवलं होतं. पाय वळला तरी नर्मदाबाई हलल्या नाहीत. दिनकरराव संध्याकाळी आले, पाय धुतले, मागच्या बाजूला गेलेच नाहीत. पण कितीतरी दिवसांनी त्यांनी भाकरी मागून घेतली. पिठल्यावर वरून तेलही मागितलं.

ज्येष्ठात अनसूयेचं पोट दुखायला लागलं. तानुबाई दोन घटकांत सुटका होईल म्हणाली होती, पण दिवस कलला तरी होईना. नर्मदाबाईंनी तिला पाठीमागून खांद्यांना धरलं होतं. अनसूया मान मागं टाकायची तेव्हा तिचं डोकं त्यांच्या छातीवर आपटायचं. मग एकदम सगळं झालं आणि खोली गप्प झाली.

मुलगा होता. नाळ गळ्याभोवती दोन वेढे घेऊन बसली होती. तानुबाईनं ती सोडवली, लेकराला पालथं धरलं, पाठीत थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, गार पाणी मारलं, पुन्हा फुंकर घातली. तिच्या कपाळावरचा घाम लेकराच्या अंगावर टपकत होता. शेवटी तिनं त्याला फडक्यात ठेवलं.

"नाळ लई लांब हुती," ती म्हणाली. "लई लांब. कुनाच्या हातात न्हाई हे, बाई."

बाहेर सोप्यात दिनकरराव उभेच होते. रडण्याचा आवाज येत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला.

तानुबाई चार जणींना सांगत फिरली की झाडाचा आणि ह्याचा काही संबंध नाही, अशी नाळ तिनं पाटलांच्या घरी बघितली, मोमिनांच्या घरी बघितली, तिथं कुणी कोणतं झाड तोडलं होतं? तिचं कुणी ऐकलं नाही. गल्लीला आपला हिशेब सापडला होता. बाईनं जानवं अडकित्त्यानं कापलं, ते पोराच्या गळ्यात येऊन बसलं. एकीनं म्हटलं, दुसरीनं मान हलवली, आणि आठ दिवसांत ती गोष्ट अशी झाली की जणू सगळ्यांनी ती डोळ्यांनी बघितली होती. शेजारची एक जण पाण्याला जाताना मुद्दाम दाराशी थांबून म्हणाली, "वांझेला दुसरीचं बघवत नाही ते हे असं!" कालपर्यंत हीच बाई आपल्या पोरांना त्या झाडाखालून जाऊ देत नव्हती.

नर्मदाबाईंना त्याचं तितकं लागलं नाही. लागलं ते सोप्यातलं बोलणं. एक पक्षकार समाचाराला आला होता. दिनकरराव त्याला सांगत होते, "मी तर सही केली नव्हती. विचारा कुणालाही. मी घरातसुद्धा नव्हतो."

खोटं नव्हतंच ते. एक अक्षरही खोटं नव्हतं.

झाड पडलं असतं, हे आता कुणाला आणि कसं दाखवायचं? उभं राहिलेलं झाड एक दिवस पडून दाखवतं. तोडलेलं झाड कधीच पडत नाही. आषाढात मोठं वादळ झालं, स्टेशनाकडची दोन लिंबं मुळासकट आडवी झाली. नर्मदाबाईंना वाटलं, आता तरी कुणी म्हणेल. पण त्याच वाऱ्यानं मागच्या खोलीचा पत्रा उचलला, आणि गल्ली म्हणाली, बघा, पिंपळ असता तर वारा अडला असता.

अनसूयेला दूध आलं होतं. लेकरू नसलं तरी ते येतंच. दूध आटावं म्हणून नर्मदाबाई तिच्या छातीवर मोगऱ्याच्या कळ्या ठेवून वरून फडकं आवळून बांधायच्या. शेक द्यायच्या, अंगाला तेल लावायच्या, बाळंतिणीचं सगळं करायच्या. अनसूया बोलत नव्हती. दुखत असेल, त्यांना वाटायचं. बोलेल. एक दिवस फडकं बांधताना ती भिंतीकडं बघत म्हणाली,

"तुम्ही नको म्हणायचं होतं."

नर्मदाबाईंचे हात थांबले.

"मी भ्याले होते, आक्का. पोटुशी बाई काहीबाही बोलतेच. मी लहान होते. तुम्ही मोठ्या होत्या. तुम्ही नको म्हणायचं होतं."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तू दोन्ही हातांनी माझा हात धरला होतास. तू दारातून मान हलवली होतीस. त्या दुपारी तू मनगट धरून निजली होतीस, माझा पाय वळला तरी मी हलले नव्हते. एकवीस-बावीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं झालेलं, फडक्याखाली दूध पाझरत असलेलं. नर्मदाबाईंनी सरकलेली कळी जागेवर ठेवली आणि गाठ बांधली. फार आवळली नाही ना, एवढंच विचारलं.

भांडण त्यानंतरही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. अनसूया काम करायची, वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची. फक्त परसात तिनं लुगडी वाळत घालायला दुसरी दोरी बांधली. आक्का म्हणायची ते हळूहळू "अहो" वर आलं, मग नुसतं समोर येऊन उभं राहण्यावर. वेणी ती स्वतः घालू लागली. आता तिला चांगली येत होती, नर्मदाबाईंनीच शिकवलेली. कधी कधी मागच्या केसांचा एखादा पेड सुटलेला दिसायचा. नर्मदाबाईंचा हात उठायचा आणि मग त्या तोच हात आपल्या पदराला पुसायच्या.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी न्हावी आला आणि दिनकररावांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा परत पाठवलं. नर्मदाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या गालावरचे वाढलेले खुंट बघितले आणि त्यांना कळलं. घरातल्या बाईला दिवस गेलेत हे त्यांना न्हाव्याकडून कळावं! त्यांनी तुळशीपुढं हात जोडले. मनापासून जोडले.

दोन दिवसांनी दिनकररावांनी विषय काढला. सुपारी कातरत, खाली बघत.

"तुला सोनपेठला जाऊन लय दिवस झाले."

"हो की."

"भावाकडं राहून ये जरा. बाळंतपण होईपर्यंत."

"तिचं कोण करील?"

"ताडकळसहून तिची मावशी येणार आहे."

नर्मदाबाई म्हणाल्या, "तिला विचारलंत का?"

"तिनंच..." दिनकररावांनी सुपारी तोंडात टाकली आणि वाक्य तिथंच सोडलं. अर्जात जे लिहायचं नसतं ते कुठं सोडावं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

भावानं बैलगाडी पाठवली. नर्मदाबाईंचं सामान ते काय, एक ट्रंक आणि एक वळकटी. तानुबाई गाडीपाशी उभी राहून गाडीवानावरच डाफरत होती, "नीट बांध की रं ती वळकटी. फेकतूस काय!" बाकी दारं बंद होती, पण फटींतून बघत होती. नर्मदाबाई देवाला नमस्कार करून आल्या. सासूबाई गेल्यापासून त्या घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, त्या काढून त्यांनी कोनाड्यात ठेवल्या. हातात द्याव्यात असं कुणी समोर नव्हतं.

पायरी उतरताना मागून बांगड्या वाजल्या. अनसूया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पोट अजून दिसत नव्हतं, पण उभं राहणं बदललं होतं. ती जवळ आली नाही. बराच वेळ चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिली.

"आक्का," ती म्हणाली. दोन वर्षांनी म्हणाली. "मी निजू कुठं?"

नर्मदाबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. वादळात उडालेला पत्रा दिनकररावांनी नवा बसवला होता, पण खोली तशीच बंद होती. त्या पोरीला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"मागच्या खोलीतच नीज," नर्मदाबाई म्हणाल्या. "चांगली हवा येते. आता तिथं वरून काही पडायचं नाही."

अनसूयेनं मान हलवली आणि आत गेली.

कार्तिकात सोनपेठच्या बाजाराला परभणीचा एक वाणी आला होता. त्यानं भावाच्या घरी निरोप सांगितला की दिनकररावांना मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. भावजयीनं त्याच्या हातावर साखर ठेवली. नर्मदाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्या सूप घेऊन तशाच उठल्या.

"कोणत्या खोलीत हो?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"बाळंतीण. कोणत्या खोलीत निजते?"

वाणी हसला. "आता ते मला काय ठाऊक, बाई?"

"हो, तुम्हाला कसं ठाऊक असणार," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा खाली बसून डाळ निवडू लागल्या. पुढची सहा-सात वर्षं, म्हणजे त्यांच्या शेवटापर्यंत, त्या सोनपेठलाच होत्या. परभणीहून कुणी आलं की पाणी आणून द्यायच्या आणि जवळ बसायच्या. विचारायच्या मात्र काही नाहीत.